मस्कत नव्हे, मस्कटीन!

‘‘मस्कतला चाललीयेस? मज्जा आहे बाई तुझी! सोनं स्वस्त मिळतं म्हणे तिकडे.’’

२०१९ च्या जानेवारीत माझ्या ऑनसाइटची बातमी फुटली, तेव्हा निदान सहा नातेवाइकांकडून मी हे ऐकलं. त्यातल्या दोघींनी तर बांगडीचं मापसुद्धा देऊन टाकलं. अहो, मस्कत नाही, मस्कटीन! मस्कटीन काउंटी, आयोवा, अमेरिका. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडायचा. अमेरिका म्हटलं की न्यू यॉर्क हवं, गेला बाजार न्यू जर्सी तरी. आयोवा हे काय नाव आहे? शिंक यायच्या आधी माणूस करतो तसा आवाज!

खरं सांगू? माझाही चेहरा पडलाच होता. बरोबरच्या मुलीला बॉस्टन मिळालं होतं आणि मला ही मिसिसिपीकाठची काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखंच प्रकरण समजा. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या मस्कटीन काउंटीची लोकसंख्या भरली ४३,२३५. सकाळी नऊ वाजता हिंजवडीच्या चौकात याहून जास्त माणसं अडकलेली असतात (असं निदान वाटतं तरी).

पण खरी चीड वेगळीच होती. मी मूळची शिरोळ तालुक्यातली. कृष्णा आणि पंचगंगा जिथे भेटतात, तिथली. ऊस, साखर कारखाना, मळीचा वास आणि दर काही वर्षांनी दारात येणारी नदी. दहावीनंतर जी बाहेर पडले ती पडलेच. पुण्यात कुणी विचारलं तर ‘कोल्हापूर साइड’ एवढं सांगून मी विषय बदलते. आणि इतकी वर्षं ज्याच्यापासून लांब पळाले, त्याचीच अमेरिकन आवृत्ती कंपनीने माझ्या गळ्यात मारली होती!

आबांना फोन केला. ‘‘काय पिकतं तिथं?’’

‘‘मका आणि सोयाबीन.’’

‘‘आनि?’’

‘‘आणखी मका.’’

‘‘मग तुला कशाला न्हेत्यात? भांगलायला?’’

शिकागोला उतरून गाडीने साडेतीन तास. दोन्ही बाजूंना बर्फाखाली झोपलेली सपाट शेतं, मधूनच एखादं धान्याचं कोठार, घर मात्र औषधालाही नाही. मी पोचले आणि महिना संपायच्या आत थंडीची ती प्रसिद्ध लाट आली. शेजारच्या मोलीनला ३१ जानेवारीला उणे ३६ सेल्सिअस! नाकातल्या नाकात बर्फ होतो, हे मी तेव्हा शिकले. पहिला दीड महिना अपार्टमेंट, ऑफिस आणि वॉलमार्ट या त्रिकोणात गेला. एक शनिवार असाच खायला उठला, तेव्हा निव्वळ गरम हवा मिळेल म्हणून मी गावातल्या एका म्युझियममध्ये घुसले.

बटणांचं म्युझियम. हसू नका, मीही हसले होते.

नाव आहे नॅशनल पर्ल बटन म्युझियम. गोष्ट अशी, की जॉन बेप्ले नावाचा एक जर्मन बटण-कारागीर शिंपले शोधत अमेरिकेत आला आणि १८९१ साली त्याने मस्कटीनमध्ये बटणं बनवायला सुरुवात केली. मिसिसिपीच्या तळाशी जाड कवचाच्या शिंपल्यांचे थरच्या थर होते. नावेमागून आकड्यांची माळ ओढत न्यायची. उघड्या शिंपल्याला आकडा लागला की तो दचकून मिटतो आणि आपणच आपल्याला पकडून देतो. वर काढायचे, उकळायचे, आतलं मांस डुकरांना घालायचं आणि कवचातून नळीच्या करवतीने गोल चकत्या कापायच्या. मग भोकं, पॉलिश आणि बायका-मुलांनी घरी बसून पुठ्ठ्यावर शिवणं. १९०५ साली या एवढ्याशा गावात दीड अब्ज बटणं तयार झाली. जगातल्या दर तीन बटणांमागे एकापेक्षा जास्त बटण इथलं! म्हणजे आपल्या एखाद्या पणजोबांच्या सदऱ्यालाही मस्कटीन लागलं असेल, काय सांगावं.

म्युझियममध्ये भोकं पडलेले शिंपले ठेवलेत. चाळणीसारखे. ते बघताना मला गुऱ्हाळाबाहेरचा चिपाडांचा ढीगच आठवला. १९११ मध्ये कामगारांनी मोठा संप केला. तक्रारींपैकी एक होती, कापलेल्या चकत्या मोजताना मालक लबाडी करतात. इथे मात्र मी एकटीच फस्सकन हसले. आमच्याकडे उसाच्या काट्यावरून हेच भांडण माझ्या जन्माआधीपासून चालू आहे.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. शिंपले संपत आले. इतके, की अमेरिकेच्या संसदेने १९०८ मध्ये शिंपल्यांची पैदास करण्यासाठी याच काउंटीत, फेअरपोर्टला, सरकारी केंद्र मंजूर केलं. शिंपल्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, तेव्हा मासे पाळा, त्यांना पिल्लं चिकटवा, असा उद्योग. बेप्लेही शेवटी शिंपले वाचवण्याच्याच कामाला लागला. नदीत चालताना एका शिंपल्यानेच त्याचा पाय कापला, ती जखम चिघळली आणि १९१२ मध्ये तो गेला. सिनेमात दाखवलं असतं तर म्हटलं असतं, काय बंडल मारतात! नंतर प्लास्टिक आलं, वॉशिंग मशिन आलं आणि शिंपल्याच्या बटणाचा धंदा साठच्या दशकापर्यंत आटोपला.

त्या शनिवारनंतर मी गावाकडे जरा नीट बघायला लागले.

ऑफिसात ज्या खुर्चीवर बसून मी रोज दहा तास टेस्ट केसेस लिहायचे, ती याच गावची. इथे १९४४ मध्ये सुरू झालेली एक कंपनी पुढे ‘हॉन’ या नावाने ऑफिस फर्निचरमध्ये बडी झाली. तिच्या मूळ कंपनीने, एचएनआयने, २०११ साली आपल्याकडची बीपी अर्गो विकत घेतली होती, जिचा कारखाना नागपूरला होता. ट्रकच्या जुन्या टायरवर नवा थर चढवणारी बॅन्डॅग इथलीच, ती २००७ मध्ये ब्रिजस्टोनने घेतली. हाइन्झचा कारखाना १८९३ पासून. तणनाशकाचा कारखाना. आणि मक्यापासून स्टार्च आणि अल्कोहोल काढणारा, १९४३ चा एक प्रचंड कारखाना. शेतात मका, कारखान्यात मका, नदीवरच्या बार्जमध्ये मका. ‘रूरल’ म्हणजे हिरवळ, शांतता आणि वीकएण्डला हुरडा पार्टी, ही आपली कल्पना किती पुणेरी आहे ना? इथे कामाला माणसं भल्या पहाटे डबे घेऊन शिफ्टला निघतात. अगदी जयसिंगपूरच्या बसस्टॉपसारखं.

आणि वास! पहिल्यांदा वारा फिरला आणि मक्याच्या त्या गोडसर, जळकट वासाने मी कार पार्किंगमध्येच थांबले. अमेरिकेत उभी आहे की कारखान्याचा पट्टा पडलाय त्या दिवसांत आमच्या गावात, तेच कळेना. गावातले लोक म्हणाले, ‘‘हा पैशाचा वास आहे.’’ आमच्याकडेही हेच म्हणतात. पण सगळेच म्हणत नव्हते. कारखान्याला लागून असलेल्या साउथ एन्ड भागातले रहिवासी घरावर बसणारी काजळी आणि धूर याविरुद्ध कोर्टात गेले होते. सरकारी नियम असताना शेजाऱ्यांना वेगळा दावा लावता येतो का, यावर वाद झाला आणि २०१४ मध्ये आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, येतो. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटलं. पंचगंगेतल्या मेलेल्या माशांचे फोटो मी दर उन्हाळ्यात कोल्हापुरातल्या मित्रांकडून फॉरवर्ड होऊन बघते. नुसते बघते. साउथ एन्डमधली साधी घरं पाहताना मला जरा चोरट्यासारखं झालं.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. अलेक्झांडर क्लार्क नावाचा इथला कृष्णवर्णीय न्हावी, पुढे लाकडाचा व्यापारी. १८६७ मध्ये त्याच्या बारा वर्षांच्या सुझनला गोऱ्यांच्या शाळेत घेईनात, तेव्हा त्याने शाळेवर केस ठोकली. १८६८ मध्ये तो जिंकला आणि आयोवात वेगळ्या शाळांचा कायदेशीर आधारच गेला. अख्ख्या अमेरिकेत हे व्हायला १९५४ उजाडलं. पुण्यात फुल्यांनी मुलींची शाळा काढली त्यानंतर वीस वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, नदीकाठच्या एका गावात एक बाप आपल्या मुलीच्या शाळेसाठी भांडत होता. आता गावात सुझनच्या नावाची शाळा आहे.

आता खाण्याचं. पोळी-भाजी मला जमते, पण हिरवी मिरची नसेल तर काय करायचं? उत्तर मिळालं काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट लिबर्टीत. तिथे टर्कीचा मोठा कारखाना आहे. त्या कामासाठी मेक्सिकोहून लोक आले, राहिले आणि २०१० च्या जनगणनेत हे गाव आयोवातलं पहिलं हिस्पॅनिक बहुसंख्य गाव ठरलं. शाळेत मुलं इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत शिकतात. आणि दुकानात मिरच्या, कोथिंबीर, लिंबं! पहिल्या दिवशी मी कोथिंबिरीच्या जुडीत नाक खुपसून उभी राहिले, तर काउंटरवरच्या मावशींनी न मागता चार मिरच्या जास्त टाकल्या.

याच रस्त्यावर अटालिसा लागतं. तीनेकशे वस्तीचं गाव. टेकाडावरच्या जुन्या शाळेच्या इमारतीत सत्तरच्या दशकापासून टेक्सासहून आणलेली मतिमंद माणसं ठेवली होती. ती टर्की कारखान्यात राबायची आणि हातात मिळायचे महिन्याला ६५ डॉलर. तीस वर्षांहून जास्त काळ! गावाला ती आवडायची, चर्चला यायची, परेडमध्ये चालायची. आत काय चाललंय ते २००९ मध्ये बाहेर आलं. २०१३ मध्ये ज्यूरीने ३२ जणांना मिळून २४ कोटी डॉलर भरपाई दिली, पण कायद्याच्या मर्यादेमुळे ती सोळा लाखांवर आली. मी ती हकीकत एका रात्री वाचून काढली आणि पुढच्या शनिवारी मिरच्या आणायला जाताना त्या वळणावर गाडी उगाचच हळू केली. आमच्याकडे बीडहून येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या पालांवरून मी दहा वर्षं सायकलने शाळेत गेले. त्यांतल्या एकाही मुलीचं नाव मला माहीत नाही.

असो. उन्हाळ्याकडे वळते, कारण तोवर माझं आणि या काउंटीचं बरं जमलं होतं. म्हणजे, उन्हाळ्याच्या आधी पूर आला. २०१९ च्या वसंतात मिसिसिपी चढली ती उतरेचना. नदीकाठचं पार्क पाण्यात, बाकांची फक्त पाठ दिसतेय. मेच्या मध्यापर्यंत पेरून व्हायला हवा तो मका कित्येकांचा जूनपर्यंत रखडला. आमच्या क्लायंटच्या फ्रंट डेस्कवर सत्तरीच्या पुढची एक बाई होती. तिला सगळे ‘आजी’ म्हणतात असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. तिचा भाऊ फ्रूटलॅन्डच्या वाळूमिश्रित जमिनीत खरबुजं करायचा. मस्कटीनचं खरबूज म्हणजे तिकडे देवगड हापूससारखं प्रस्थ. वाळू लवकर तापते, पाणी धरून ठेवत नाही, फळ गोड होतं. नदीच्या वाळूत कलिंगडं-खरबुजं लावणारे लोक मी लहानपणी पाहिलेत, हे सांगितल्यावर आजीने मला पहिल्यांदा चष्म्यावरून नीट पाहिलं.

आबांचा फोन रविवारी. त्यांना एकच विषय. ‘‘सोयाबीन काय भाव?’’

मी गुगल केलं. बुशेलला साडेआठ डॉलरच्या आसपास. एक बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलो. गुणाकार-भागाकार करून क्विंटलला साधारण बावीसशे रुपये. त्या वर्षी आपल्याकडचा हमीभाव होता ३,७१०. आबा बराच वेळ गप्प. ‘‘मग ती जगत्यात कशावर?’’

सरकारी मदतीवर आणि आकारावर, मी सांगितलं. आयोवातलं सरासरी शेत ३५५ एकरांचं. ‘‘आपलं साडेतीन,’’ आबा म्हणाले, तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसतं हिशेब जुळवल्यासारखं.

भाव पडायला एक कारण चीन. आणि यात मस्कटीनचा एक खास विनोद आहे. १९८५ मध्ये चीनच्या हबेई प्रांतातून शेती बघायला एक शिष्टमंडळ आलं होतं. त्यातला झंगडिंग काउंटीचा तरुण पक्षसचिव इथल्या एका कुटुंबात दोन रात्री मुलाच्या खोलीत झोपला. त्याचं नाव शी जिनपिंग! २०१२ मध्ये उपाध्यक्ष म्हणून तो मुद्दाम जुन्या मित्रांना भेटायला मस्कटीनला परत आला. ते घर नंतर एका चिनी उद्योजकाने घेऊन मैत्रीचं स्मारक करून टाकलं. आणि २०१८ च्या जुलैत, व्यापारयुद्ध पेटल्यावर, याच मित्राच्या देशाने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला. मी आजीला विचारलं, ‘‘तुमचा मित्र असा कसा?’’ ती म्हणाली, ‘‘तो भला मुलगा होता. जेवण छान जेवला.’’ बस्स, पुढे काही नाही.

संध्याकाळी मी नदीवर जायला लागले होते. डेव्हनपोर्टकडून पश्चिमेला येणारी मिसिसिपी मस्कटीनला दक्षिणेकडे वळते आणि त्या वळणावर सूर्यास्त असा काही होतो, की १८५४ च्या सुमारास इथे थोडे दिवस राहिलेल्या मार्क ट्वेनलाही तो विसरता आला नाही. शहराच्या वरच्या अंगाला लॉक अॅन्ड डॅम नंबर १६ आहे. पंधरा बार्जचा तांडा एका दमात लॉकमध्ये मावत नाही, म्हणून तो तोडून दोन खेपांत काढतात. तासभर चालतं ते. मला तो टाइमपास फार आवडायचा.

आणि मग ऑगस्ट आला.

पहिल्यांदा बहिणीचा मेसेज, ‘पाणी वाढतंय.’ मग कोल्हापूरचे फोटो, मग सांगलीचे. मग शिरोळ तालुक्याचा संपर्क तुटल्याची बातमी. आबा गुरं सोडून निघायला तयार नव्हते. २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं, ‘‘औंदा बी थांबंल,’’ हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतर फोन बंद. एक रात्र, एक दिवस आणि आणखी एक रात्र.

पुण्यातल्या ग्रुपवर ‘स्टे स्ट्रॉंग’ आणि हात जोडलेले इमोजी येत होते. वाईट हेतूने नव्हे, माझ्याही बोटांनी बाकीच्यांसाठी तेच टाइप केलं असतं. मी ऑफिसला गेले, कारण अपार्टमेंटमध्ये भिंती अंगावर येत होत्या. आजीने माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, काय झालं. म्हटलं, ‘‘घरी पूर आहे. वडिलांचा फोन लागत नाही.’’

ती ‘ओह डिअर’ म्हणाली नाही. तिने विचारलं, ‘‘किती फूट?’’

सात महिन्यांत मला कुणी इतका बरोबर प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७. धोक्याची खूण ४५ ची.

‘‘चढतंय की थांबलंय?’’

‘‘सावकाश चढतंय.’’

‘‘वर धरणं आहेत? सोडतायत?’’

‘‘आहेत. खाली पण एक आहे, त्यावरून भांडणं आहेत.’’

‘‘असणारच,’’ ती म्हणाली. मग तिने १९९३ सांगितलं. इथलं पाणी पंचवीस फुटांवर गेलं होतं, भावाची सगळी खरबुजं गेली, पण त्याने एक काम केलं होतं, जनावरं आधी उंचावर नेली होती. ‘‘तुझे वडील नदीवरचेच ना? मग त्यांना पाणी वाचता येतं. ते आत्ता उंचावर असतील. फोन मात्र खिशात भिजला असेल.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणाच्या तरी फोनवरून आबांचा आवाज आला. शाळेच्या गच्चीवर होते. दोन म्हशी हायस्कूलच्या व्हरांड्यात. एक रेडकू गेलं. घरात छातीएवढं पाणी. आणि फोन? ‘‘खिशात हुता की. भिजला.’’

मी सप्टेंबरअखेर परत आले. थेट घरी गेले, पुण्याला न थांबता. भिंतीवर चिखलाची रेघ होती, माझ्या खांद्याच्या जरा खाली. ऊस शेतात उभाच कुजला होता आणि त्याचा आंबूस वास सगळ्या गावभर. सोनं आणलं नव्हतं, त्यामुळे नातेवाइकांत माझा भाव घसरलाच होता. आबांसाठी मी म्युझियमच्या दुकानातून एक शिंपला आणला होता, सहा भोकांचा.

त्यांनी तो उलटसुलट केला. एका भोकातून माझ्याकडे पाहिलं.

‘‘ह्यातनं काय काढलं?’’

‘‘बटणं.’’

‘‘आन् आतलं जनावर?’’

‘‘डुकरांना घालायचे.’’

आबांनी मान हलवली, शिंपला धोतराला पुसला आणि कोनाड्यात ठेवला. कोनाडा पुराच्या रेघेच्या वर आहे. मग म्हणाले, ‘‘त्या म्हातारीच्या भावाची खरबुजं औंदा कशी झाली?’’

मी फोन काढला. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले होते, आजी नुकतीच डेस्कवर आली असणार.